चौथा कर्णा वाजत नाही

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगांच्या घोषाने भरून गेले आहे आणि घरोघरी देव्हाऱ्यातील विठोबाला तुळशीची माळ चढली आहे. अशा मंगल दिनी वारकऱ्यांच्या भक्तीचे, समतेचे आणि कष्टाळूपणाचे गुणगान सर्वत्र होते व ते उचितच आहे. परंतु त्यांच्या आणखी एका गुणाकडे आपल्या समाजाचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. तो गुण वेळेवर पोहोचण्याचा. लाखो माणसे पायी निघतात आणि दशमीस पंढरीत दाखल होतात. एकादशी उलटून गेल्यावर द्वादशीस नव्हे!

देहूहून श्रीतुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस आणि आळंदीहून श्रीज्ञानेश्वरमाऊलींची पालखी अष्टमीस प्रस्थान ठेवते. आळंदी ते पंढरपूर ही वाटचाल सुमारे २५० किलोमीटरांची. दिवेघाटाची चढण, नीरेचे स्नान, लोणंद-फलटणचे मुक्काम, पुढे रिंगणे, आणि माथ्यावर कधी ऊन, कधी पाऊस. वाटेत घटका-दोन घटका मागेपुढे होतही असतील. पण तिथी चुकत नाही. हे घडते कसे?

पहाटेच्या अंधारात पालखीतळावर कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला वारकऱ्याने आवराआवर करावी, दुसऱ्याला आपल्या दिंडीत आपल्या जागी उभे राहावे, आणि तिसऱ्या कर्ण्याला माऊलींची पालखी हलते. कोणा मातब्बरासाठी चौथा कर्णा वाजत नाही. सायंकाळी समाजआरतीस चोपदारांनी चोप उंचावला की हजारो टाळ क्षणात निमूट होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि मग आरती होते. एकोणिसाव्या शतकात ह्या सोहळ्यास आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंदे सरकारांच्या पदरी राहिलेले सरदार होते. लष्कराची शिस्त त्यांनी भक्तीच्या पायी वाहिली. ह्या शिस्तीने भक्ती उणावली नाही. उलट अशक्तातल्या अशक्त म्हातारीलाही आपण पंढरीस वेळेत पोहोचणार हा भरवसा मिळाला.

इ. स. २०२० साली महामारीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. त्या वर्षी ३० जून रोजी, दशमीच्या दिवशी, संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस. टी.च्या गाड्यांतून पंढरपुरास नेण्यात आल्या. चालणे खंडले, तिथी चुकली नाही.

आता आपल्या घरांतील आणि मंदिरांतील व्यवहार पाहू. विवाहाचा मुहूर्त आपण पंचांगे चाळून, जाणत्यांना विचारून ठरवतो. मग त्याच मुहूर्ताच्या वेळी वरात मांडवाच्या दाराशी नाचत राहते, भटजी अंतरपाट घेऊन तिष्ठतात, हातांतील अक्षता घामाने भिजतात, आणि कोणीतरी म्हणतो, ‘‘अर्ध्या तासाने काय बिघडते?’’ काहीच बिघडत नसेल, तर मुहूर्त पाहिला तरी कशासाठी? मंदिरात सहाला ठरलेले कीर्तन प्रमुख पाहुण्यांसाठी सव्वासातला उभे राहते. जी आजीबाई साडेपाचलाच येऊन सतरंजीवर बसली, तिला शेवटची गाडी गाठण्यासाठी पूर्वरंग संपण्याआधीच उठावे लागते. तिच्या वाट्याची हरिकथा कोणी हिरावून घेतली? उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो आणि वेळेवर येणाऱ्यास वाट पाहण्याची शिक्षा होते, ही रीत धर्माची खचित नव्हे. दुसऱ्याचे धन घेणे पाप, हे आपण मुलांना शिकवतो. दुसऱ्याचा वेळ घेणे मात्र आपल्याला थोरपणाचे लक्षण वाटते.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘‘अहो, आमचा विठोबाही विटेवर वाट पाहत उभा आहे. देव थांबतो, मग माणसांनी थोडे थांबले तर काय झाले?’’ ही समजूत आम्हांस घातक वाटते. पुंडलिकाने देवाला तिष्ठत ठेवले ते वरातीत रमला म्हणून नव्हे. त्या घडीस त्याचे हात मायबापांच्या पायांवर होते. त्या वेळेचे कर्तव्य त्याने त्या वेळेस केले, आणि ते सोडून उठावे असे प्रत्यक्ष परब्रह्माकडे पाहूनही त्यास वाटले नाही. मायबापांच्या सेवेला पुंडलिक वेळेवर होता, म्हणूनच देव थांबला. आपण मायबापांना औषधाच्या वेळी थांबवतो, पोरांना शाळेच्या फाटकाशी थांबवतो, आणि वर दाखला पुंडलिकाचा देतो!

आम्हीही ह्या दोषातून मुक्त नाही. वेळेवर छापून निघणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्ही वृत्तपत्रवाल्यांनीही अनेक समारंभांत उशिरा पाऊल टाकून यजमानांची धांदल उडवली आहे. हे लिहिताना ते आठवते आणि मान खाली जाते.

आजपासून चातुर्मास सुरू होत आहे. परवाच कांदेनवमी झाली. कोणी कांदा-वांगे सोडले असेल, कोणी एकभुक्त राहील, कोणी रोज पोथीचा अध्याय वाचील. ह्या नेमांस आणखी एक नेम जोडावा, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे. कार्तिकीपर्यंत माझ्यामुळे कोणीही तिष्ठत राहणार नाही, एवढाच तो नेम. त्यास खर्च नाही, उद्यापन नाही, ब्राह्मणभोजन नाही. घरची आरती ठरल्या वेळी सुरू करावी; बोलावले असेल तेथे सांगितल्या वेळी जावे; आणि आपल्या दारी कोणी वेळेवर आला, तर उशिरा येणाऱ्यासाठी त्यास ताटकळत ठेवू नये.

ज्यांना आज पंढरीस जाता आले नाही, त्यांच्या घरी ही वारी अशीही घडू शकेल. पहिला कर्णा ऐकून उठणारा तो वारकरी, मग तो कोठेही राहो.