मेंढरांना नुसत्या वाढ्यावर ठेवू नका



गळीत हंगाम सुरू झाला की फडावर वाढ्याचे भारे बांधले जातात आणि दावणीची चाऱ्याची काळजी मिटते. बैलाला, म्हशीला जोडीला पेंड मिळते, त्यामुळे निभावते. पण घरची दहा-वीस मेंढरे राखणारे आपले कितीतरी सभासद आहेत. त्या मेंढरांपुढे पेंड कोण टाकतो? मेंढी विते, कासेला दूध नसते, कोकरू आठ दिवसांत मान टाकते. आपण म्हणतो, थंडी बाधली. माझे स्पष्ट मत आहे की पुष्कळ वेळा ती उपासमार असते. भरल्या पोटाची उपासमार.

हिशेब सरळ आहे. वाळल्या वजनावर वाढ्यात प्रथिने जेमतेम ५-६ टक्के. मेंढीच्या पोटात चारा पचवणाऱ्या जिवाणूंनाच ७ टक्के तरी लागतात. शिवाय वाढ्यातले ऑक्झलेट अंगातला चुना अडकवते. उलट शेवरी, दशरथ घास, लसूणघास या द्विदल चाऱ्यांत प्रथिने १८-२० टक्क्यांच्या घरात, आणि चुनाही भरपूर. म्हणून दोन भाग वाढ्याची कुट्टी, एक भाग द्विदल पाला; व्यालेल्या मेंढीला निम्मे-निम्मे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. सुबाभूळ एक-तृतीयांशाच्या वर नको. त्यातील मिमोसिनने लोकर गळते. कोवळी, दवाने भिजलेली लसूणघास उपाशी मेंढीला घालू नये, पोट फुगते.

परवा एका सभासदांनी विचारले, "साहेब, ऊस वाढवा म्हणणारे तुम्ही, आता शेवरी लावा म्हणून सांगताय व्हय?" होय, सांगतो. ऊस मोडा असे मी म्हणत नाही. बांधाला, पाटाच्या कडेला शेवरी लावा. पानमळ्यात ती आपल्या वाडवडिलांनी लावलीच होती. छाटताना बुडातून नको, कमरेइतकी ठेवा, म्हणजे पुन्हा फुटते. दशरथ घासाला दोन गुंठे पुरे; एकदा लावला की कापण्या चालू राहतात.

खतासाठी शेतात मेंढरे बसवायला आपण पैसे मोजतो. मग घरच्या मेंढरांची लेंडी उसालाच मिळते, त्यांच्यासाठी दोन गुंठे सोडणे जड का वाटावे? येत्या पावसाच्या तोंडाला बी टाका. पुढच्या हंगामात कोकरे उड्या मारताना दिसली, म्हणजे दोन गुंठे फुकट गेले नाहीत असे समजा.

— ऊस विकास अधिकारी