चालान भरलं, पण शिकलो काय?

गेल्या वर्षी माझ्या मामेभावाला पोलिसांनी अडवलं. एका मोटारसायकलवर तिघं आणि एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. दंड झाला, लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. घरी आल्यावर त्याचं एकच म्हणणं : "भाई, आपलं नाव बघूनच अडवतात."

तसं कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे आणि त्याविरुद्ध तक्रार जरूर करावी. पण त्या दिवशी तिघं होते की नव्हते? हेल्मेट नव्हतं, हे खरं की खोटं? अन्यायाची तक्रार आणि स्वतःची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या आड दुसरी लपवली की दोन्हीकडे आपलंच नुकसान होतं.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. निलंबित लायसन्स परत हवं असेल, तर ड्रायव्हर रिफ्रेशर कोर्स पूर्ण करावा लागेल, अशी तरतूद त्यात आहे. हे कळताच ओळखीचा एजंट म्हणाला, "जायची गरज नाही, सर्टिफिकेट आणून देतो." घरात सगळ्यांना हे सोयीचं वाटलं. मी हट्टाने त्याला वर्गात बसायला लावलं.

तिथे त्याला एक साधा हिशेब सांगितला गेला. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर मूल आलेलं दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच १७ मीटर संपले! वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. पाच वर्षं गाडी चालवणाऱ्या या पोराला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आठ काढून दाखवला आणि लायसन्स मिळालं, एवढंच त्याचं शिक्षण.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. मागे कोण बसतं? आपली अम्मी, बहीण, मित्र. "नशिबात असेल ते होईल" म्हणून हा आकडा झटकता येणार नाही.

सरकारकडेही एक मागणी आहे. डिलिव्हरी करणाऱ्या किंवा रिक्षा चालवणाऱ्या मुलाचं लायसन्स गेलं की घरची चूल थंडावते. त्याच्यासाठी हा कोर्स रविवारी किंवा संध्याकाळी हवा, मराठीत हवा, खिशाला परवडणारा हवा. आणि त्यात खरोखर शिकवलं जायला हवं. कोर्स अवघड आणि एजंट सोपा असेल, तर माणूस एजंटकडेच जाणार.

पण मित्रांनो, सरकार सुधारेपर्यंत थांबायचं कशाला? मोहल्ल्यातल्या मंडळांनी वर्षातून एक रविवार यासाठी द्यावा. जाणकार प्रशिक्षक बोलवावा. चालान झालेल्यांनीच नव्हे, न झालेल्यांनीही बसावं.

मामेभाऊ आता हेल्मेट घालतो. परवा ईदच्या दिवशी तिसरा मित्र मागे बसायला आला, तेव्हा त्याने गाडी बंद केली आणि म्हणाला, "तू रिक्षाने ये, भाडं मी देतो." लायसन्स परत मिळालं त्यापेक्षा मला याचा जास्त आनंद झाला.