सांथीचे दिवस आणि आजारी मूल

सांथ आली म्हणजे आईबापांस दोन भयें ग्रासतात: एक रोगाचें, दुसरें रुग्णालयाचें. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग असतां घरझडतीच्या धास्तीनें लोक आजाऱ्यांस लपवीत. त्याच वर्षीं सावित्रीबाई फुले यांनीं एका प्लेगग्रस्त मुलास पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यांत पोंचविलें. पुढें त्यांसही प्लेग जडून १० मार्च रोजीं त्यांचें देहावसान झालें.

२०२० सालीं कोरोनाच्या सांथींतही पुष्कळ आईबाप दवाखान्याची पायरी चढण्यास भ्याले. त्या वर्षीं जगांतील सुमारें २ कोटी ३० लक्ष बालकांच्या नेहमींच्या लसी चुकल्या. पुढें २०२२ सालीं मुंबईंत गोंवर उसळला. त्यांत लस न टोंचलेलीं बालकें फार होतीं.

आईबापांस नुसता दोष देणें आम्हांस उचित वाटत नाहीं. रुग्णालयानें इतर आजारांच्या मुलांसाठीं निराळी वाट ठेवावी व आईस मुलापाशीं राहूं द्यावें. म्हणजे भय आपोआप ओसरेल. आमच्या विद्यार्थ्यांनीं मात्र एवढें घरीं अवश्य सांगावें: मूल धापा टाकूं लागलें किंवा दूध पिईनासें झालें, तर सांथ सरण्याची वाट पाहूं नये, त्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.