मिशनशाळेची वर्गणी आणि आपली मूठ

शाळेस शंभर-सव्वाशे वर्षे झाली की तिचा वाढदिवस येतो, आणि वाढदिवसाच्या मागोमाग पावतीपुस्तक येते. जुन्या मिशनशाळांचे सध्या असे दिवस आहेत. भिंतींस रंग लागतो, जुने विद्यार्थी शोधून काढले जातात, मांडव पडतो, भाषणे होतात, आणि शेवटी गळक्या छपरासाठी किंवा नव्या इमारतीसाठी हात पसरला जातो. आमच्या वाशीमच्या बाजूस मेथडिस्ट मिशनचे नाव जुने. वाशीमला सरकारी कागदांत 'बासीम' लिहीत, त्या काळापासूनचे. तेव्हा अशी पावती कधी कास्तकाराच्या ओसरीवरही येते. मग तो कास्तकार, नाहीतर सुतार, नाहीतर शिंपी, आम्ही मास्तर म्हणून आम्हांस विचारतो, "गुर्जी, द्यावं का नाही?" आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. द्यावे. परंतु मूठभर द्यावे, दर आठवड्यास द्यावे, आणि हिशेब विचारून द्यावे.

पहिला आक्षेप ठरलेलाच असतो. "ती ख्रिस्त्यांची शाळा, आपल्या पैशाने आपलीच पोरे बाटवतील." हा आक्षेप घेणारास आम्ही एवढेच विचारतो की, बाबा, ज्या काळी शूद्रातिशूद्रांच्या पोरांस पंतोजीच्या ओटीवर पाय ठेवू देत नसत, त्या काळी हा तुझा धर्म कोठे निजला होता? महात्मा जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४८ साली त्यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली, त्याआधी ते अहमदनगरास जाऊन फरार बाईंनी चालविलेली अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून आले होते. पुढे सावित्रीबाईंनाही शिकविण्याच्या कामाचे धडे मिशनच्या बायांकडूनच मिळाले. मिशनने शाळा निव्वळ परोपकारासाठी काढल्या असे आम्ही म्हणत नाही. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, आणि तो त्यांनी लपविलाही नाही. परंतु जोतीराव ख्रिस्ती झाले काय? नाही. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि पुढे 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिला. त्यांनी मिशनचे अक्षर घेतले, पण आपले डोके कोणाकडे गहाण टाकले नाही. तहानलेल्याने विहीर कोणी खणली हे जरूर विचारावे, परंतु पाणी पिऊन झाल्यावर विहिरीस नावे ठेवू नयेत.

दुसरा आक्षेप याहून वाईट, कारण तो शहाण्यासारखा दिसतो. "या शाळा साहेबांच्या. त्यांना अमेरिकेतून डॉलर येत. तेथे आपल्या मुठीचा काय पाड?" हा समज खरा नव्हे. मेथडिस्ट पंथाचा पैसा मुळात कोणाचा होता, हे आमच्या वाचकांनी नीट ऐकावे.

या पंथाचा मूळपुरुष इंग्लंडातील जॉन वेस्ली. १७३९ साली त्याने ब्रिस्टल शहराजवळ कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या लोकांपुढे उघड्या माळावर प्रवचने सुरू केली. देवळात त्या काळ्या हातापायांच्या माणसांस कोण विचारतो? ब्रिस्टलास त्यांची जी प्रार्थनेची जागा होती, तिच्यावर कर्ज होते. १७४२ साली ते फेडण्याची बैठक भरली. एकाने सुचविले की प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. पेनी म्हणजे तिकडचा पैसा. दुसरा म्हणाला, आपल्यांत पुष्कळ इतके गरीब आहेत की त्यांना तेवढेही जमणार नाही. त्यावर पहिल्याने सांगितले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्या दारी जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी माझ्या पदरची भरीन. याप्रमाणे बारा-बारांच्या तुकड्या पडल्या. कर्ज फेडण्याची सोय झालीच, पण त्याहून मोठी गोष्ट ही झाली की दारोदार जाणारास प्रत्येक घराचे सुखदुःख कळू लागले. कोण आजारी आहे, कोणाचे काम गेले, कोणाचा पाय घसरतो आहे, हे पेनी घेता घेता समजले. वर्गणीची फेरी हीच गावाची विचारपूस झाली, आणि त्या तुकड्यांवरच सारा पंथ उभा राहिला.

आता अमेरिकेकडे या. १८६९ साली बोस्टन शहरी मेथडिस्ट पंथाच्या थोड्या बायकांनी एक मंडळी स्थापिली. परदेशांतील बायकांसाठी शिक्षिका आणि डॉक्टरणी पाठवाव्या, हा तिचा हेतू. आठवड्यास दोन सेंट, म्हणजे वर्षाकाठी सुमारे एक डॉलर, अशी वर्गणी त्यांनी ठरविली. घरखर्चातून वाचविलेले ते चिल्लर होते. त्या चिल्लरीवर इझाबेला थोबर्न नावाची शिक्षिका आणि क्लारा स्वेन नावाची डॉक्टरीण अशा दोघी हिंदुस्थानात आल्या. थोबर्नबाईंनी १८७० साली लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुली घेऊन शाळा मांडली. राखणीसाठी दारात काठी घेतलेला एक पोरगा उभा करावा लागला. त्या सहा मुलींच्या शाळेचे पुढे मोठे कॉलेज झाले, आणि ते लखनौस आजही आहे. त्याच सुमारास विल्यम टेलर नावाचा मेथडिस्ट उपदेशक मुंबईस आला. परदेशच्या पैशावर टेकू नका, आपला भार आपणच उचला, असे त्याचे सांगणे असे.

तेव्हा वाचकहो, ज्याला आपण साहेबांचा पैसा म्हणतो, तो पुष्कळ अंशी घरप्रपंच करणाऱ्या बायांच्या पोटाला चिमटा घेऊन निघालेला पैसा होता. आपल्या आज्यापणज्यांची नावे त्या बायांना ठाऊक नव्हती, आणि त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. तरी पाटी आपल्या घरात आली.

आपल्या लोकांनीही हेच केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती मुष्टिफंडावर वाढली. दळणाच्या वेळी बायांनी मूठभर धान्य बाजूस काढायचे आणि ते बोर्डिंगच्या पोरांच्या पोटात जायचे. पोरे उपाशी निजण्याची वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ सालापासून एकेका जातीसाठी वसतिगृहे उघडली आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. आमच्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले व १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. या साऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. गरिबाच्या पोराला नुसती शाळा पुरत नाही. शाळेजवळ भाकर आणि पांघरूण लागते.

आता आजची रीत पाहा. फंड जमविणारे प्रथम कोणाकडे जातात? ठेकेदाराकडे, आमदाराकडे, जिनिंगवाल्याकडे. तो एक रक्कम देतो, आणि तिच्या मोबदल्यात संगमरवरी पाटीवर त्याचे नाव कोरले जाते. वाढदिवस होतो, कमान उभी राहते, आणि ज्याच्यासाठी शाळा निघाली तो मात्र कमानीबाहेरच राहतो. मागे आम्ही आमच्या गावच्या एका मजूर बाईबरोबर तिच्या मुलीच्या प्रवेशासाठी तालुक्याच्या एका शाळेत गेलो होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. ती मिशनची नव्हती, आपल्याच एका थोर पुरुषाचा फोटो तेथे दाराशी लावलेला होता. कारकुनाने फीचा कागद पुढे केला. बाईने तो उलटा धरला, कारण तिला वाचता येत नव्हते. कारकून हसला. बाई परत येताना वाटभर काही बोलली नाही. त्या फोटोतल्या थोर पुरुषाने तो हशा ऐकला असता तर काय म्हटले असते, हा विचार आम्हांस अजून सोडीत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की हा प्रश्न एकट्या मिशनशाळेचा नव्हे. परंतु मिशनशाळेची जबाबदारी एका कारणाने अधिक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घरच्या मुलांस राखून ठेवल्या. अल्पसंख्य समाजांनी चालविलेल्या शाळांस मात्र तो कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१४ साली दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचविले आहे. आपली शाळा आपल्या रीतीने चालविण्याचा अल्पसंख्यांचा हक्क आम्हांस मान्य आहे. तो राज्यघटनेने दिलेला आहे. परंतु जेथे कायद्याचा धाक नाही तेथे शाळेच्या सदसद्विवेकाची परीक्षा असते. गरिबास आत घ्या असे कोणी सांगत नसताना जी शाळा त्याला आत घेते, तिनेच आपला वाढदिवस ताठ मानेने करावा.

आणि गरीब दूर शोधण्याचे कारण नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडाची रस्तोरस्ती वाताहत झाली, तेव्हा अनाथ पोरे गोळा करून मिशनांनी अनाथालये आणि बोर्डिंगे उघडली. ते दुष्काळ गेले. परंतु आज दसरा-दिवाळी झाली की मानोऱ्याकडच्या आणि आसपासच्या तांड्यांवरची, वाड्यावस्त्यांवरची बिऱ्हाडे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात, कोणी वीटभट्टीवर जातात. पोर मागे ठेवावे तर सांभाळणारे कोणी नाही. सोबत न्यावे तर शाळा सुटते. फाल्गुन-चैत्रात ते परत येते तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. हजेरीपटावर त्याचे नाव असते, बाकावर ते नसते. हे आम्ही दरसाल आमच्या डोळ्यांनी पाहतो. सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, परंतु सरकारी अनुदानाची वाट आणि पोराची भूक यांची चाल सारखी नसते. तेव्हा जुन्या शाळेला शंभर वर्षांची आठवण करावयाची असेल, तर कमान नको, संगमरवर नको; अशा पोरांसाठी सहा महिन्यांचे बोर्डिंग उघडावे. तेच तिचे मूळ काम आहे.

पैसा कोठून येणार? हिशेब सोपा आहे. एका शाळेशी ज्यांचा संबंध आला अशी पाचशे घरे धरा. प्रत्येक घराने आठवड्यास दहा रुपये दिले तर आठवड्याचे पाच हजार होतात, आणि वर्षाचे दोन लाख साठ हजार. ज्याच्याकडे रोकड नाही त्याने मूठभर ज्वारी, तूर द्यावी. बोर्डिंगच्या तव्याला तेही चालते. वेस्लीच्या त्या माणसाप्रमाणे बारा-बारा घरांवर एकेक जण नेमावा. त्याने दारी जावे, आणि ज्याला देणे होत नाही त्याचे आपल्या पदरचे भरावे. आलेला पैसा आणि झालेला खर्च शाळेच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत दर महिन्यास लिहावा, म्हणजे चौथीच्या पोरालाही तो आपल्या आईस वाचून दाखविता येईल.

यात एक मेख आहे, आणि ती आम्ही लपवीत नाही. जो एकदाच लाख रुपये देतो तो पाटीवरचे नाव मागतो. जो दर आठवड्यास मूठ देतो तो प्रश्न विचारण्याचा हक्क मागतो. माझी मूठ कोणाच्या पोटात गेली, माझ्या शेजारणीच्या पोरीला बाकावर जागा मिळाली की नाही, हे त्याला विचारता येते. ज्या कमिटीस हा प्रश्न नको असतो तिला मोठे देणगीदारच आवडतात. तेव्हा पावती घेऊन आलेल्यास आमच्या वाचकांनी प्रथम हेच पुसावे, "आमची मूठ घ्याल काय? आणि हिशेब भिंतीवर लिहाल काय?" तो हो म्हणाला तर शाळा ख्रिस्त्यांची की मराठ्यांची की माळ्यांची हे न पाहता आपली मूठ उघडावी. नाही म्हणाला तर त्याला पाणी पाजावे, आणि पावतीपुस्तक परत द्यावे.

आणि हाच नेम आपण आपल्या घरच्या संस्थांसही लावावा. जोतीरावांचे नाव दाराशी आणि मास्तरकीच्या जागेसाठी लाखांची बोली आत, असा धंदा जेथे चालतो तेथे मिशनकडे बोट दाखविण्याचा आपल्याला अधिकार नाही. परक्या बायांनी सातासमुद्रापलीकडून दोन-दोन सेंट घातले तेव्हा त्यांनी आपली जात विचारली नव्हती. आपण आपल्याच तांड्यावरच्या पोरासाठी दहा रुपये घालताना ती विचारणार आहोत काय?

— खेड्यातील एक शिक्षक