सत्यप्रत आणि 'फर्स्ट कॉपी'

मनगटी घड्याळांच्या व्यापारात 'फर्स्ट कॉपी' हा शब्द अलीकडे असा काही रुळला आहे की, तो उच्चारताना विकणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि ऐकताना घेणाऱ्यालाही. नगरच्या कापड बाजारात काय किंवा संगमनेर-श्रीरामपूरच्या पेठांत काय, तबकडीवर रोलेक्स, ओमेगा, राडो अशी नावे मिरवणारे घड्याळ काही हजारांत मिळू शकते, आणि ते खरे नाही हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. मुळात हा शब्दच चमत्कारिक आहे. ज्यांनी कचेरीत टंकलेखन यंत्रापुढे आयुष्य काढले ते जाणतात की, कार्बन कागदाखालची पहिली प्रत सर्वांत ठळक उमटते आणि चौथी-पाचवी वाचण्यासाठी खिडकीशी जावे लागते. व्यापाऱ्यांनी नेमका हाच हिशेब उचलला. पहिली प्रत म्हणजे मुळाच्या सर्वांत जवळची, म्हणून तिचा भाव अधिक! परंतु कचेरीतल्या प्रतीला आणखी एक गोष्ट लागत असे, ती मात्र त्यांनी सोयीस्करपणे मागे ठेवली. गुणपत्रिकेच्या किंवा जातीच्या दाखल्याच्या नकलेवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून त्याखाली सही घ्यावी लागे. नक्कल काढणे हा गुन्हा नव्हता. ती नक्कल आहे हे तिच्याच अंगावर लिहिलेले असे.

सारा प्रश्न या शिक्क्याचा आहे. नकली घड्याळाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांना असते. एका बाजूला नाके मुरडणारे सज्जन, ज्यांच्या मते असे घड्याळ बांधणारा मनुष्य दांभिकच असला पाहिजे. दुसऱ्या बाजूला, लाखो रुपये मागणाऱ्या परदेशी कंपन्यांची जिरवली म्हणून आनंद मानणारे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे आणि त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. हा वर्ग हौशी संग्राहकांचा. त्यांना नकली घड्याळ लग्नसमारंभात मिरवण्यासाठी नको असते, उघडून पाहण्यासाठी हवे असते. ते त्याची काच बदलतात, काटे बदलतात, तबकडी दुसरी बसवतात, मशीन काढून दुसरे घालतात, आणि रविवारची दुपार एका डोळ्याला भिंग लावून घालवतात. ही हौस निंद्य ठरवणे अन्यायाचे होईल.

कारण अशा घड्याळाच्या पोटात काय असते हे पाहण्याजोगे आहे. अगदी स्वस्त नकलांत बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ यंत्र असते. त्यांचा सेकंदकाटा सेकंदाला एक अशी उडी घेतो आणि तबकडीवरील तीन छोट्या तबकड्या नुसत्या शोभेच्या असतात. याहून वरच्या प्रतीत स्वयंचलित यंत्र येते. त्याचा बॅलन्स तासाला 21,600 ठोके देतो, म्हणजे सेकंदाला सहा. अस्सल रोलेक्सच्या आजच्या यंत्राचे ठोके 28,800, म्हणजे सेकंदाला आठ. हा दोन ठोक्यांचा फरक अनुभवी कारागिराला काटा सरकताना पाहूनच कळतो. सर्वांत महागड्या नकलांत मूळ कंपनीच्या यंत्राचीच नक्कल केलेली असते, आणि तेथे मागचे झाकण उघडल्याशिवाय, कधी कधी उघडल्यावरही, निर्णय करणे अवघड जाते. तबकडीवर मात्र स्वस्त-महाग सर्वांच्याच तीनशे मीटर खोल पाण्यात टिकण्याची ग्वाही छापलेली असते. त्या ग्वाहीवर विसंबून विहिरीत सूर मारणाऱ्याच्या घड्याळाची काच आतून धुरकटली तर त्यात नवल नाही.

या नकलांवर रागावणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. आज नकलांविरुद्ध सर्वांत मोठ्याने तक्रार करणाऱ्या स्विस व्यवसायाने आपले बालपण याच उद्योगात घालवले आहे. अठराव्या शतकात लंडनच्या कारागिरांची खोटी नावे कोरलेली घड्याळे जिनिव्हा आणि तिच्या आसपास तयार होत आणि डच व्यापाऱ्यांमार्फत खपत. पुढे अमेरिकेच्या वॉल्थम कंपनीने यंत्रांवर घड्याळे बनवण्याची पद्धत रूढ केली आणि 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती पाहून स्विस धुरीण हादरले. तेव्हा अमेरिकन नावांशी जुळती नावे घातलेली घड्याळेही स्वित्झर्लंडमधून बाहेर पडतच होती. मालावरील खोट्या चिन्हांविरुद्ध इंग्लंडने 1887 साली कायदा केला, आणि दोनच वर्षांनी, 1889 साली, तो हिंदुस्थानातही आला. म्हणजे ज्याला आपण आजचे दुखणे समजतो त्यावरचे औषध सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

आपल्या देशाची कथा याहून वेगळी आणि थोडी अभिमानाचीही. नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना 1944 साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिणाऱ्या जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते 1961 मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सच्या, म्हणजे एचएमटीच्या, पहिल्या घड्याळांचे प्रकाशन झाले. बंगळूरच्या या कारखान्यात विद्या होती ती जपानच्या सिटिझन कंपनीची. तीही एका अर्थाने नक्कलच. पण करार करून, मोबदला देऊन, आणि तबकडीवर आपले स्वतःचे नाव घालून केलेली. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर' ही नावे एका पिढीच्या मनगटावर होती. नव्या शिक्षकाच्या पहिल्या पगारातून किंवा जावयाच्या मानपानातून ती घरात येत. परदेशी घड्याळ ज्यांना हवेच असे, त्यांच्यासाठी मुंबईच्या किनाऱ्यावरून चोरटा माल येई, आणि ही चोरटी आयात इतकी बोकाळली की 1974 साली 'कॉफेपोसा'सारखा कडक कायदा करावा लागला. दैवाचा खेळ असा की, आज ज्या नकली रोलेक्समध्ये स्वयंचलित यंत्र आढळते त्यांतील कित्येकांच्या पोटात याच सिटिझन समूहाचे मियोटा यंत्र, किंवा त्याची चिनी आवृत्ती, असते. एकाच गुरूकडून शिकलेल्या एका शिष्याने स्वतःचे नाव लावले, दुसऱ्याने परक्याचे.

एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी 2016 मध्ये घेतला. तोवर तिने दहा कोटींहून अधिक घड्याळे देशाला दिली होती. कंपनी मिटली आणि तिच्या जुन्या घड्याळांना एकाएकी किंमत आली. कपाटात पडलेले वडिलांचे 'जनता' शोधले जाऊ लागले, आणि जेथे मागणी तेथे पुरवठा या न्यायाने एक नवाच धंदा फोफावला. प्रस्तुत लेखकाच्या मते नकली रोलेक्सपेक्षा तो अधिक घातक आहे, आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे अगत्याचे वाटते.

या धंद्याची रीत अशी. चार मोडकी घड्याळे घ्यावयाची. एकाचे मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याची चावी, आणि काटे मिळतील तेथून. डाग पडलेल्या जुन्या तबकडीचा रंग रसायनाने उतरवून तिच्यावर नवा रंग द्यावयाचा आणि नाव, आकडे, मिनिटांच्या रेषा पुन्हा छापावयाच्या. केस घासून चकचकीत करावयाची. मग 'दुकानात न विकले गेलेले जुने नवे घड्याळ' म्हणून ते विकावयाचे. परदेशातील संग्राहकांमध्ये अशा मालाला 'मुंबई स्पेशल' असे नाव पडले आहे. फाव्र-ल्यूबा, सायको आणि एचएमटी या तिन्हींची अशी घड्याळे त्यांच्याकडे पोचतात. कंपनीने कधीही न काढलेल्या गुलाबी, जांभळ्या, पोपटी रंगांच्या तबकड्या त्यांत दिसतात. जाणकाराला खुणा ओळखू येतात. अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिटांच्या रेषा खुणेच्या ठिकाणी नीट बसत नाहीत, 'जनता' या देवनागरी अक्षरांचे वळण बिघडलेले असते. पण महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलाने आजोबांसारखे घड्याळ हवे म्हणून खाऊचे पैसे साठवून ते घेतले, तर त्याला या खुणा कोण दाखवणार?

नगरसारख्या लष्करी गावात या प्रकाराला आणखी एक धार आहे. भिंगारच्या छावणीमुळे, चिलखती दलाच्या शाळेमुळे आणि 1979 साली उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे या जिल्ह्यात निवृत्त सैनिकांची घरे पुष्कळ आहेत. एचएमटीने सैन्यासाठी 'जवान' नावाचे घड्याळ काढले होते. संग्राहकांत त्याला मोठा मान, आणि म्हणूनच त्याच्या बनावट तबकड्या उदंड. साध्या घड्याळावर 'जवान' एवढी अक्षरे छापली की भाव कित्येक पटींनी चढतो. रोलेक्सची नक्कल केल्याने जिनिव्हाच्या एका धनाढ्य कंपनीचे नाव वापरले जाते, आणि तिच्याकडे वकिलांची फौज आहे. 'जवान'ची नक्कल करणारा एका सैनिकाने वीस वर्षे मनगटावर वागवलेल्या वस्तूची साक्ष पुसतो. या साक्षीच्या बाजूने उभा राहील असा कारखानाच आता उरलेला नाही. दहा खोट्या 'जवान'मध्ये एक खरे मिसळले की, काही वर्षांनी त्या खऱ्याकडेही संशयाने पाहिले जाईल. रोलेक्सच्या बाबतीत तसे होणार नाही, कारण तिचे दप्तर शाबूत आहे.

येथे दुरुस्ती करणाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. पेठेच्या तोंडाशी काचेच्या छोट्या पेटीमागे बसणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत. क्वार्ट्झ घड्याळाने त्यांना सेल बदलणारे केले आणि मोबाइलने तेही काम निम्म्यावर आणले. यांच्याकडे कोणी नकली घड्याळ आणले तर त्यांनी ते परत करावे काय? काही अधिकृत विक्रेते तसे करतात आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु पेठेतल्या कारागिराला हाच नियम लावणे पढतमूर्खपणाचे होईल. मशीन खोलणे, चाके धुणे, ज्वेलच्या खळग्यात तेलाचा नेमका थेंब सोडणे, हेअरस्प्रिंगचे वळण सरळ करणे, ही विद्या हातात राहण्यासाठी हात चालता लागतो. खेड्यापाड्यांत अस्सल स्विस घड्याळे दुरुस्तीला येत नाहीत. येतात ती जुनी एचएमटी आणि ही चिनी यंत्रे. हौशी तरुण नकली घड्याळ घेऊन त्याच्यापाशी बसतो, प्रश्न विचारतो, मजुरी देतो, आणि कदाचित उद्या स्वतः चिमटा हाती धरतो. वैद्य रोग्याचे गोत्र विचारीत नाही. कारागिराने घड्याळ दुरुस्त करावे. त्यावरचे नाव खरे आहे असा दाखला मात्र देऊ नये. ही सीमा पाळणारे कारागीर जिल्ह्यात आजही आहेत, आणि तबकडी नव्याने रंगवली आहे हे गिऱ्हाइकाला न विचारता सांगणारेही आहेत.

कायद्याची सीमा याहून फारशी वेगळी नाही. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोटे चिन्ह लावणे, तसा माल विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे हा गुन्हा आहे; त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. स्वतःच्या मनगटावर ते बांधणारा या कलमांत येत नाही. विधिमंडळाने गुन्ह्याचे बोट जेथे ठेवावयाचे तेथेच ठेवले आहे असे म्हणता येईल. अडचण अंमलबजावणीची. छापे पडतात तेही बहुधा बड्या कंपन्यांच्या प्रतिनिधींनी तक्रार केल्यावर. मिटलेल्या एचएमटीच्या बनावट तबकडीबद्दल तक्रार घेऊन पोलिसांकडे जाणार कोण? युरोपातील स्वित्झर्लंडसह चार देशांशी भारताने मार्च 2024 मध्ये केलेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून अमलात आला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पण त्यामुळे कित्येक लाखांचे घड्याळ कारकुनाच्या आटोक्यात येईल अशी आशा कोणी बाळगू नये. नक्कल राहणारच.

यास्तव मागणी साधी ठेवावी. जुने किंवा जुळवलेले घड्याळ विकणाऱ्याने पावतीवर तीन ओळी लिहाव्यात: मशीन कोणते, तबकडी मूळची की पुन्हा रंगवलेली, आणि कोणते भाग बदलले. एवढ्याने कोणाचा धंदा बुडत नाही. 'सुंदर रंगवलेली तबकडी' या नावानेही हौशी गिऱ्हाईक ते घड्याळ घेईलच, फक्त वाजवी दराने घेईल. संग्राहकांनीही आपसांतील देवघेवीत हाच रिवाज पाळावा. आपण जुळवलेले घड्याळ दुसऱ्याला देताना झाकणाच्या आतल्या बाजूस बदलाची तारीख कोरून ठेवावी. जुने कारागीर सर्व्हिसिंग केल्यावर तेथे बारीक अक्षरांत खूण करीतच असत. घड्याळ नेमके कोणाचे हा वाद महाराष्ट्राने अलीकडे निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला पाहिला आहे, आणि तेथेही न्यायालयाने मार्च 2024 मध्ये, चिन्हाचा प्रश्न न्यायप्रविष्ट असल्याची सूचना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावयास सांगितली. राजकीय पक्षाला जी सूचना छापता येते ती पेठेतल्या विक्रेत्याला पावतीवर लिहिता येऊ नये असे नाही. असो.

ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते, महाविद्यालयांतील ग्राहक मंडळे आणि घड्याळ विक्रेते यांनी एकत्र बसून अशा पावतीचा नमुना ठरवला, तर त्यासाठी ना नवा कायदा लागेल ना सरकारी खर्च. आणि ज्या घरांत सेवानिवृत्त वडिलांचे 'जनता' किंवा फौजेतून परतलेल्या आजोबांचे 'जवान' अजून मूळच्या, पिवळ्या पडलेल्या तबकडीसह आहे, त्यांनी ते 'नवे करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी एवढेच सांगावे: तेल घाला, काच बदला, पट्टा बदला, तबकडीला मात्र हात लावू नका.