आमटीत न फुटणारे गोळे

नोव्हेंबर महिना लागला की महाराष्ट्रात कपाटातली स्वेटर्स बाहेर निघू लागतात. चेन्नईत मात्र तेव्हा पावसाळा ऐन भरात असतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे या शहराचा वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच पडतो. नोकरीनिमित्त पुण्या-नागपूरहून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या वर्षी याची गंमत वाटते, दुसऱ्या वर्षी धास्ती. ऑफिस सुटते तेव्हा रस्त्यावर पाणी तुंबलेले, बसचा पत्ता नाही, मुले भिजून आलेली, सासूबाईंना सर्दी. घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. अशा वेळी पोळी, भाजी, वरणभात, कोशिंबीर असा चारीठाव स्वयंपाक करायचा कोणी? आणि रोज बाहेरून मागवणे खिशालाही परवडत नाही, पोटालाही मानवत नाही.

अशा रात्री हवे असते ते एकाच पातेल्यात होणारे, वाफाळते, पातळ आणि तरीही पोट भरणारे काहीतरी. चिनी हॉटेलात गेल्यावर मुले हौसेने वॉनटॉन सूप मागवतात. पण रश्श्यात शिजवलेले गोळे ही काही चिनी लोकांचीच मिरासदारी नाही. गोळ्यांची आमटी, कढीगोळे, हुलग्याचे शेंगोळे, वरणफळे ही सगळी त्याच कुळातली मंडळी. मग हे पदार्थ नेहमी का होत नाहीत? कोणत्याही गृहिणीला विचारा, उत्तर एकच मिळेल : ‘‘अहो, गोळे फुटतात आणि सगळ्याचे पिठले होते!’’

ही भीती खोटी नाही. पण गोळा का फुटतो हे एकदा समजले, तर तो टिकवणे अवघड नाही.

शेजारच्या मामींचा गोळा

चेन्नईत राहणाऱ्या मराठी घराला हा धडा शेजारीच मिळू शकतो. तामिळ घरांत ‘परुप्पु उरुंडै कुळंबू’ नावाचा पदार्थ करतात. परुप्पु म्हणजे डाळ, उरुंडै म्हणजे गोळा आणि कुळंबू म्हणजे चिंचेचा दाट रस्सा. म्हणजे आपली गोळ्यांची आमटीच! फरक एवढाच, की आपण हरभऱ्याची डाळ घेतो, तिथे तुरीची डाळ किंवा दोन्ही मिसळून घेतात. आपण गोडा मसाला आणि गूळ घालतो, त्या सांबार पूड आणि तिळाचे तेल वापरतात. ताकातल्या रश्श्यात हेच गोळे सोडले की ‘मोर उरुंडै कुळंबू’ होतो. तो आपल्या कढीगोळ्यांचा सख्खा भाऊच म्हणायचा.

या दोन स्वयंपाकघरांची ओळख आजची नाही. 1676 ते 1855 या काळात तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतील अनेक कुटुंबे पुढे मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेल्या ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या ग्रंथात सरफोजी दुसरे यांच्या काळातील राजवाड्यातल्या स्वयंपाकाची माहिती मिळते. आमसुले संपली म्हणून तंजावरच्या मुदपाकखान्यात आमटीत चिंच घातली गेली आणि त्यातून सांबार जन्मले, ही गोष्ट तर पुष्कळांना ठाऊक असते. ती दंतकथाच आहे, पुरावा काही नाही. पण हाताशी असेल त्या आंबटावर आमटी निभावून नेण्याची सवय दोन्हीकडच्या बायकांना आहे, एवढे मात्र खरे.

गोळा फुटतो तो का?

पहिले कारण पाणी. डाळ वाटताना मिक्सर फिरेना की आपण चटकन पाणी ओततो. वाटण सैल झाले की गोळा रश्श्यात विरघळणारच. भिजलेली डाळ चाळणीत दहा मिनिटे निथळू द्यावी आणि पाण्याशिवाय वाटावी. मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत फिरवावा आणि मध्ये चमच्याने बाजूची डाळ आत ढकलावी.

दुसरे कारण वाटण. गंधासारखे बारीक वाटले तर गोळा दगडासारखा घट्ट होतो आणि फार जाडे राहिले तर तो सुटतो. वाटण रवाळ हवे आणि मुठीत दाबल्यावर त्याचा मुटका व्हायला हवा. थोडी डाळ जाडसर आणि बाकीची जरा बारीक वाटून एकत्र केली, तर हे नेमके साधते.

तिसरे कारण विस्तव. कोमट रश्श्यात गोळा सोडला तर बाहेरचा थर घट्ट होण्याआधीच त्यात पाणी शिरते. रस्सा खळखळून उकळत असतानाच गोळे सोडावेत. ते बसले की आच मध्यम करावी. जोराच्या उकळीत ते एकमेकांवर आपटून फुटतात.

चौथे कारण आपला हात! गोळे टाकल्यावर पाच मिनिटे पळी घालायचीच नाही. हलवावेसे वाटलेच, तर पातेले दोन्ही बाजूंनी धरून हलके हिंदकळावे. पातेलेही पसरट हवे. गोळे एकावर एक पडता कामा नयेत.

पाचवे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आंबटात डाळ लवकर शिजत नाही. म्हणून चिंच आधीच भरपूर घातलेल्या रश्श्यात गोळा बाहेरून झालेला दिसतो, पण आत कच्चा राहतो. मग तो शिजवण्यासाठी आपण जास्त वेळ उकळतो आणि तो फुटतो. यावर मामींचा उपाय सोपा आहे. त्या गोळे इडलीपात्रात आधी वाफवून घेतात आणि मगच रश्श्यात सोडतात. नवशिक्यांनी हाच मार्ग धरावा.

गोळ्यांची आमटी (चौघांसाठी)

गोळ्यांसाठी : पाऊण वाटी हरभऱ्याची डाळ, पाव वाटी तुरीची डाळ, 3-4 सुक्या लाल मिरच्या, 1 चमचा जिरे, पाव चमचा हिंग, पाव चमचा हळद, 7-8 कढीपत्त्याची पाने चिरून, थोडी कोथिंबीर, मीठ.

आमटीसाठी : लहान लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ, दीड चमचा गोडा मसाला (किंवा सांबार पूड), 2 मोठे चमचे ओले खोबरे आणि अर्धा चमचा जिरे एकत्र वाटून, 2 मोठे चमचे तेल, मोहरी, 8-10 मेथीदाणे, हिंग, हळद, कढीपत्ता, मीठ आणि 5 वाट्या पाणी.

दोन्ही डाळी मिरच्यांसह दोन तास भिजवाव्यात. निथळून रवाळ वाटाव्यात. बाकीचे जिन्नस मिसळून लिंबाएवढे पंधरा-सोळा गोळे मुठीत दाबून वळावेत. इडलीपात्राला तेलाचा हात लावून गोळे शिट्टी न लावता दहा मिनिटे वाफवावेत.

तेवढ्या वेळात दुसऱ्या शेगडीवर आमटी होते. तेलात मोहरी, मेथी, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी करावी. मेथी काळी होऊ देऊ नये, आमटी कडू होते. त्यावर पाणी, चिंचेचा कोळ, मसाला व मीठ घालून चांगली उकळी आणावी. गूळ आणि खोबऱ्याचे वाटण घालावे. पुन्हा उकळी फुटली की वाफवलेले गोळे सोडून मंद आचेवर पाच मिनिटे ठेवावे. गोळ्यांत रस मुरला की वरून कोथिंबीर भुरभुरावी.

कच्चेच गोळे सोडायचे असतील, तर आधी एकच गोळा सोडून पाहावा. दोन मिनिटांत तो टिकला तर बाकीचे सोडावेत. विरला, तर उरलेल्या वाटणात चमचाभर बेसन किंवा तांदळाची पिठी मिसळावी. कच्चे गोळे शिजायला बारा ते पंधरा मिनिटे लागतात आणि शिजले की वर तरंगू लागतात. एक गोळा फोडून आत पाहावे, मगच गॅस बंद करावा.

आमटी वाटते त्यापेक्षा जरा पातळच ठेवावी, कारण गोळे रस पितात. सकाळची आमटी संध्याकाळी घट्ट झाली तर तिच्यात गार पाणी न ओतता उकळते पाणी घालावे.

वेळच नसेल तर

भिजवण्याचे दोन तास ही खरी अडचण. सकाळी घरातून निघताना डाळ पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. रात्री घरी आल्यावर पाऊण तासात जेवण तयार होते. फ्रिजबाहेर मात्र दिवसभर ठेवू नये. चेन्नईच्या हवेत ती आंबते. सुटीच्या दिवशी दुप्पट गोळे वाफवून गार करून डब्यात भरावेत. फ्रिजमध्ये ते दोन दिवस चांगले राहतात. मग आमटी वीस मिनिटांचेच काम उरते.

डाळ भिजवायची विसरली, तर हुलगे आहेतच. चेन्नईत त्यांना ‘कोळ्ळु’ म्हणतात आणि सर्दी झाली की त्यांचे रसम् करतात. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट मळावे, तळहातावर लांबट वळून कडी करावी आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडावी. वळताना हाताला लागलेले पीठ त्याच पाण्यात धुतले की रस्सा आपोआप दाट होतो. पंधरा-वीस मिनिटांत शेंगोळे तयार!

वीज गेली तर

2015 च्या डिसेंबरमध्ये चेन्नईत महापूर आला आणि डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने शहर पुन्हा पाण्यात गेले. दोन्ही वेळा अनेक वस्त्यांत काही दिवस वीज नव्हती, दूध मिळेनासे झाले होते. वीज नाही म्हणजे मिक्सर नाही आणि मिक्सर नाही म्हणजे वाटलेले गोळे नाहीत.

अशा वेळी वरणफळांसारखा आधार नाही. त्यांना लागते ते फक्त गॅस, कणीक आणि तुरीची डाळ. वाटीभर डाळ कुकरमध्ये शिजवून घोटावी. वाटीभर कणकेत चमचाभर बेसन, ओवा, हळद, तिखट, मीठ व चमचाभर तेल घालून घट्ट मळावे. पोळी लाटून सुरीने शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत. वरणाला फोडणी देऊन ते चांगले पातळ करावे आणि उकळी आली की तुकडे एकेक करून सोडावेत. आठ-दहा मिनिटांत ती मऊ शिजतात. वरून तूप, असेल तर लिंबू. भाजी नसली तरी अडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घरात दोन किलो कणीक, किलोभर तूरडाळ आणि भरलेला सिलिंडर असावा, हे चेन्नईत जुने रहिवासी नव्या बिऱ्हाडाला सांगतातच.

आजारी आणि वृद्धांसाठी

100 ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिने असतात. वर दिलेल्या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 10 ग्रॅम प्रथिने येतात. दातांची तक्रार असलेल्या आजी-आजोबांना भाकरी, उसळ जड जाते, पण रसात मुरलेला गोळा चमच्याने मोडता येतो. तापातून उठलेल्या माणसासाठी मात्र हरभऱ्याऐवजी मुगाची डाळ घ्यावी. ती तासाभरात भिजते आणि पचायला हलकी असते. तिखट निम्मे करून, आले व हिंग घालून गोळे बोराएवढे करावेत. रक्तदाब असलेल्यांच्या घरी गोळे आणि आमटी दोन्हींत मीठ पडते हे विसरू नये. एरवीच्या अंदाजाने दोन्हीकडे घातले तर ते जास्तच होते.

या पदार्थाचा आणखी एक फायदा पाककृतीत लिहिलेला नसतो. पोळीच्या जेवणात सगळे जेवत असतात आणि घरातली एक बाई तव्यासमोर उभी राहून गरम पोळ्या वाढत असते. तिच्या ताटात शेवटची गार पोळी येते. दिवसभर नोकरी करून, पावसात भिजून आलेल्या बाईनेही हेच करायचे का? गोळ्यांची आमटी एकदा झाली की पातेले मध्ये ठेवावे, कुकरमधला भात शेजारी ठेवावा आणि सगळ्यांनी एकदम बसावे. गोळे वळायला नवऱ्याने आणि मुलांनीही बसावे. त्यात काही विशेष कौशल्य लागत नाही. एखाददुसरा गोळा वाकडा होईल, एखादा फुटेलही. फुटलेल्या गोळ्याने आमटी दाट होते, एवढेच! पण ती करणारीलाही त्या रात्री पहिल्या वाफेचे, गरम जेवण मिळेल.