अक्रोडाची हौस आणि फाटकापाशी उभा असलेला बदाम

अक्रोडाचे रोप आता घरबसल्या मागवता येते. मोबाइलवरच्या जाहिरातीत हिरव्या फळांनी लगडलेली फांदी दिसते आणि सिडकोतल्या किंवा गारखेड्यातल्या घराच्या मागच्या मोकळ्या पट्टीत तशीच फांदी डोलताना डोळ्यांसमोर येते. यात चूक काही नाही. स्वतःच्या अंगणातले फळ फोडून त्यातला मगज मुलाच्या हातावर ठेवावा, ही इच्छा फार जुनी आहे आणि चांगली आहे. फक्त छत्रपती संभाजीनगरच्या मातीत आणि हवेत ती अक्रोडाकडून पुरी होणार नाही, हे रोपाचे पैसे देण्याआधी कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

कारण थंडीचे आहे. अक्रोड हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाणारे झाड. ती झोप पुरी झाल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत, आणि ती पुरी व्हायला साधारण सात अंशांखालचे शेकडो तास लागतात. अनेक वाणांना तर हजाराच्या घरात. संभाजीनगरात डिसेंबर-जानेवारीचे किमान तापमान बहुतेक दिवस दहा-बारा अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली की पारा आणखी खाली जातो, पण पहाटेच्या दोन-चार तासांपुरता. ऊन चढले की शहर पुन्हा पंचवीस-तीस अंशांवर. असे तास मोजत बसले तरी संबंध हिवाळ्यात हिशेब जुळत नाही. झोप अपुरी राहिलेले झाड उशिरा आणि ओबडधोबड फुटते. त्यातच अक्रोडाला नर-मादी फुले एकाच झाडावर, पण वेगवेगळ्या वेळी येतात आणि पराग वाऱ्याने जातो. फुटवाच विस्कटला की परागाची आणि मादी फुलाची गाठ पडणे आणखी अवघड. त्यातून फळ धरलेच तर पुढे मराठवाड्याचा उन्हाळा उभा असतो. पारा अडतिसाच्या वर गेला की अक्रोडाची हिरवी साल भाजते, आतला मगज काळपट होतो, सुरकुततो. इथे मे महिन्यात चाळिशी ही नेहमीची गोष्ट.

आणि पाण्याचे काय? नळाला कितीतरी दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या या शहरात परक्या हवेतल्या झाडाला उन्हाळाभर जगवणे म्हणजे ड्रममधले पाणी दोन ठिकाणी वाटून घेणे. ते झाड फळ देणार नसेल, तर घरच्या बाईने भरून ठेवलेल्या त्या पाण्याचा तो अपव्यय आहे.

अक्रोडाचे खरे घर काश्मीर. भारतातले बहुतांश अक्रोड तिथूनच येतात. बियांपासून वाढलेली जुनी झाडे तिथे पन्नास-साठ फूट उंच असतात, आणि फळावर यायला त्यांना आठ-दहा वर्षे सहज लागतात. सप्टेंबरमध्ये हिरवी साल तडकू लागली की माणसे लांब काठ्या घेऊन फांद्यांवर चढतात आणि फळे झोडपून पाडतात. दर हंगामात कोणी ना कोणी झाडावरून पडते. कोणाचा कणा मोडतो, कोणाचा जीव जातो. शहागंजच्या सुकामेव्याच्या दुकानात अक्रोड उचलताना हे माहीत असावे. खाली पडलेली फळे गोळा करून साल सोलली जाते, आणि तिच्या रसाने बोटे जी काळी होतात ती कितीतरी दिवस साबणाला दाद देत नाहीत. साल लवकर काढायची, फळ धुवायचे, मग पसरून वाळवायचे. उशीर झाला की मगजाचा रंग उतरतो आणि भावही उतरतो. या झाडाची तिथे इतकी किंमत की १९६९ च्या कायद्याने जम्मू-काश्मीरमध्ये ते परवानगीशिवाय तोडायला मनाई झाली.

झाडाची कदर म्हणतात ती ही. आता तीच नजर संभाजीनगरच्या फाटकांकडे वळवून पाहावी.

जुन्या वसाहतींत, शाळेच्या आवारात, कार्यालयांच्या कुंपणाशी एक झाड सर्रास दिसते. सरळ खोड, त्याला छत्रीच्या मजल्यांसारख्या आडव्या फांद्या आणि तळहाताहून मोठी चकचकीत पाने. देशी बदाम. काजू-बदामातला बदाम हा नव्हे. हे आपल्या अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा यांच्या कुळातले झाड. मूळ समुद्रकाठचे, पण दख्खनच्या पठारावरही ते असे रुजले आहे की कोणाला परके वाटत नाही. त्याला थंडीची झोप लागत नाही, ऊन सोसते, मुळे धरल्यावर फारसे पाणी मागत नाही. पाने गळण्याआधी लाल होतात, अगदी कुंकवासारखी, आणि करड्या उन्हाळी शहरात तेवढाच रंग.

या फळाची चव ज्या पिढीला ठाऊक आहे तिला सांगायची गरज नाही. पिकलेल्या फळाची वरची साल तुरट-गोड, दातांनी ओरबाडून खायची, जीभ जांभळी होईपर्यंत. उरलेले तंतुमय बी शहाबादी फरशीच्या खळग्यात ठेवायचे आणि दगडाने ठेचायचे. पहिला घाव बहुधा वाया जातो, बी निसटते. दुसऱ्या घावाला बोट वाचवायचे. तिसऱ्याला कवच उकलते आणि आत बोटाच्या पेराएवढा पांढरा मगज निघतो, पातळ पापुद्र्याची गुंडाळी करून ठेवल्यासारखा. वजन एका ग्रॅमच्याही आत; पण त्यात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि चव खऱ्या बदामाच्या इतकी जवळची की नाव उगीच पडलेले नाही.

आज हीच फळे झाडाखाली कुजतात. त्यांचे आता एकच नाव उरले आहे, कचरा. पाने मोठी, वर्षातून बहुधा दोनदा गळतात, गटार तुंबते, गाडीवर फळ पडते, रात्री वटवाघळे येऊन अर्धवट खाल्लेली फळे टाकतात. या तक्रारी खोट्या नाहीत. रोज पहाटे झाडू मारणाऱ्या माणसाचे कष्ट खरे आहेत. पण त्यावर उपाय म्हणून खोडाला कुऱ्हाड लावणे आणि मग त्याच जागी कुंडीत अक्रोडाचे रोप आणून ठेवणे, हे मनाला पटत नाही. पाने खड्ड्यात टाकली तर वर्षभरात उत्तम खत होते. काचपेटीत मासे पाळणारे लोक हीच वाळलेली पाने नगावर विकत घेतात, कारण त्यांतल्या रसाने पाणी माशांना मानवते. आपल्याकडे ती पेटवून दिली जातात.

काश्मीरकडून शिकायचे असेल तर झाड आणू नये, काढणीची रीत आणावी. ती देशी बदामाला जशीच्या तशी लागू पडते आणि इथे फांदीवर चढण्याचाही धोका नाही, कारण पिकलेले फळ आपण होऊन खाली येते. रोज सकाळी झाडलोटीच्या आधी फळे वेचावीत. वटवाघळांनी उष्टावलेली किंवा फुटलेली बाजूला टाकावीत. वरची साल त्याच दिवशी काढून बी धुवावे आणि उन्हात चांगले दोन-तीन आठवडे वाळू द्यावे. ओल राहिली तर बुरशी धरते, आणि बुरशीचा मगज कोणत्याही झाडाचा असो, खाऊ नये. वाळलेले बी हलवले की आत मगज सुटल्याचा खुळखुळ आवाज येतो. फोडताना ते आडवे ठेवू नये. त्याच्या दोन्ही कडांना शिवणीसारखी धार असते, त्या धारेवर उभे धरून घाव घातला तर ते शिवणीत उकलते आणि मगज अखंड निघतो. तव्यावर मंद भाजून डब्यात भरला की झाले. तासाभराच्या मेहनतीला वाटीभर मगज मिळेल, फार तर. पण सुटीच्या दुपारी आजीच्या शेजारी बसून दगड-फरशीवर ही वाटी भरणाऱ्या नातवंडांना ती कमी वाटत नाही.

वाटी लहान राहते याचे एक कारण झाडात आहे, दुसरे आपल्यात. प्रशांत महासागरातल्या वानुआतू बेटांवर याच झाडाला नाटापोआ म्हणतात. तिथे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या मगजाची, मऊ कवचाची झाडे पारखून त्यांचीच बी लावली आणि तो मगज बाजारात विकला जातो. आपल्याकडे अशी निवड कोणी केलीच नाही. शोभेचे आणि सावलीचे झाड म्हणून आणले, लावले आणि विसरले. वास्तविक मराठवाड्याला फळझाड पारखण्याची परंपरा आहे. मराठवाड्याचा केसर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शहराच्या ऐन मध्यात, मुघल काळापासूनच्या हिमायत बागेत, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. कोणत्या वसाहतीतल्या कोणत्या झाडाचा मगज मोठा आहे, कोणाचे कवच सहज फुटते, याची नोंद शाळांच्या मुलांकडून करून घेता येईल आणि निवडक झाडांच्या कलमांचा प्रयोग त्या केंद्रात करता येईल. त्याला मोठा खर्च नाही. एक तराजू, एक वही आणि दोन हंगामांचा धीर लागेल.

एक सावधगिरी मात्र हवी. हे झाड मोठे होते आणि आडवे पसरते. वीस बाय तीसच्या प्लॉटवर, भिंतीला किंवा पाण्याच्या हौदाला चिकटून ते लावू नये. विजेच्या तारांखाली तर नाहीच. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी वसाहतीच्या मोकळ्या जागेत चार घरांनी मिळून एक लावावे. आणि जे आधीच उभे आहे ते खासगी आवारातले असले तरी मनात येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांसाठीचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, तोडायला आधी परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. शहराच्या जुन्या भागातले काही बदाम त्या वयाचे सहज असतील. त्यांच्या बुंध्याचा घेर मोजून नोंद करायला महापालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही.

नवे लावायचे असेल तर जूनमध्ये झाडाखालचे ताजे, जड बी उचलावे. पिशवीतल्या ओलसर मातीत ते आडवे, अर्धे दाबून ठेवावे. महिनाभरात कोंब वर येतो, जागा मानवली तर तीन-चार वर्षांत पहिली फळे धरतात. रोपवाटिकेत जावे लागत नाही, आणि बी शेजारच्या गल्लीतल्या ज्या झाडाचे उचलले त्या घरच्यांना एवढे जरूर विचारावे, की याचा मगज मोठा निघतो ना?